एका पायावर तयार

दुकानातले मामा निवृत्त झाले त्या संध्याकाळी मालकांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, आम्हा सगळ्यांना गल्ल्यासमोर उभं केलं आणि विचारलं, "मामांच्या स्टुलावर आता कोण बसणार? कोणाची तयारी आहे?"

मी म्हणालो, "मी एका पायावर तयार आहे."

हे वाक्य मराठीत कोणीही बोलतं. सहलीला, लग्नाला, फुकटच्या जेवणाला माणसं एका पायावर तयार असतात आणि त्यांना कोणी विचारत नाही, की दुसऱ्याला काय झालं. पण माझा डावा पाय जन्मापासून उजव्यापेक्षा चार बोटं आखूड आहे. त्यामुळे क्षणभर दुकानात शांतता पसरली. तेवढ्या वेळात मला कळलं की मी काय बोललो, कॅशियरबाईंना कळलं की आता हसायचं नसतं, आणि नकल्याला कळलं की आपल्या पुढच्या वर्षभराच्या विनोदांची सोय झाली.

मग सगळे हसले. कॅशियरबाई सगळ्यात आधी.

आमचं दुकान बुटांचं. नकल्या पुढे विक्रीला असतो. तो सगळ्यांच्या नकला करतो. मालकांचं खाकरणं, कॅशियरबाईंची जांभई, मामांचं वाकताना 'आईगं' म्हणणं. पण त्याची खास नक्कल माझी. तो एक खांदा पाडतो, तोंड वाकडं करतो (माझं तोंड सरळ आहे, चालताना तर फारच सरळ असतं) आणि हेलकावे खात काउंटरपासून आरशापर्यंत जातो. त्या संध्याकाळीही गेला. जाता जाता म्हणाला, "मी एका पायावर तयार आहे, मालक! दुसरा मागून येतोय!"

"पाय चुकला," मी म्हणालो.

"काय?"

"तू उजव्याने लंगडतोयस. माझा डावा आहे."

"त्यानं काय फरक पडतो?"

"तुला नाही पडत. मी पडेन. तू मला नेहमी समोरून बघतोस ना, म्हणून उलटं होतंय. आरशासारखं. एकदा माझ्या मागे उभा राहून बघ."

नकल्या खरंच खाली बघून मनात डावं-उजवं करायला लागला. लोकांचं हसू थांबलं. विनोद समजावून सांगितला की मरतो, असं म्हणतात. मी तो त्याच हेतूने समजावून सांगतो. लहानपणापासून माझं हेच तंत्र आहे. चेष्टेवर चिडायचं नाही, तिच्यातल्या चुका काढायच्या. नकल्या मला 'पाऊण' म्हणतो. मी त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, की एक पाय पूर्ण आणि दुसरा पाऊण, म्हणजे एकूण पावणेदोन. म्हणायचंच असेल तर 'पावणेदोन' म्हण. तो म्हणाला, ते लांब पडतं. म्हणजे माझ्या बाबतीत एवढी एकच गोष्ट लांब पडते.

मालकांनी मला बाजूला घेतलं. "तू कामाचा माणूस आहेस, त्यात वाद नाही," ते म्हणाले. हे वाक्य असं सुरू झालं की पुढे वादच असतो. "पण बुटांचं दुकान आहे आपलं. गिऱ्हाईक इथे पाय घेऊन येतं. आणि समोर पायाचंच जरा असं... म्हणजे बघ, दातांच्या डॉक्टरचेच दात पडलेले असले तर कसं वाटेल?"

"न्हावी टकला असतो, मालक. चालतं."

"न्हाव्याची गोष्ट वेगळी."

"कशी?"

"तो मागे उभा असतो. दिसत नाही."

"समोर आरसा असतो."

मालकांनी खाकरून विषय बदलला. याला भाषेत लंगडी सबब म्हणतात. माझा त्या शब्दाला आक्षेप आहे. लंगडा माणूस कुठेतरी पोचतो तरी. "बघू," मालक म्हणाले. "महिनाअखेर ठरवू."

आता मला ते स्टूल का हवं होतं, ते सांगतो. आमच्याकडे पद्धत अशी, की मांडणीवर प्रत्येक जोडातला फक्त उजवा बूट. डावा आत गोडाऊनमध्ये, खोक्यात. चोरी होत नाही, कारण दोन उजवे पाय असलेला चोर अजून जन्माला यायचाय. गिऱ्हाइकाला उजवा आवडला की पुढून हाक येते, "डावा आठ, काळा!" मी खोकं शोधतो आणि भिंतीतल्या छोट्या खिडकीतून डावा बूट बाहेर देतो. गिऱ्हाइकांच्या लेखी मी म्हणजे एक हात. तोही बुटात अर्धा झाकलेला. शहरातल्या अर्ध्याअधिक लोकांच्या पायांचं माप मला पाठ आहे आणि त्यातल्या एकाचाही पाय मी पाहिलेला नाही.

मामांचं काम वेगळं होतं. पुढे उतरती फळी असलेलं त्यांचं बुटकं स्टूल. गिऱ्हाईक खुर्चीत, मामा त्या स्टुलावर. ते टाच तळहातावर घ्यायचे, अंगठा बुटाच्या टोकाशी दाबायचे आणि विचारायचे, "इथे मोकळं वाटतंय का?" माणसं मामांना खरं सांगायची. घरी कोणाला सांगत नसतील इतकं खरं. कोणाचा तरी पाय हातात घ्यावा आणि त्याला नीट बसेल असं काहीतरी द्यावं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. जगात लोक याहून मोठी स्वप्नं बघतात, पण त्यांना एवढं बसून मिळत नाही.

घरी सांगितलं तेव्हा आई कोणाच्या तरी सोफ्याच्या खोळी शिवत होती. मशीन न थांबवता म्हणाली, "जाऊ दे रे. लक्ष देऊ नकोस त्यांच्याकडे."

"मी देतच नाही. तेच माझ्याकडे देतात."

ताई गाडी चालवायला शिकवते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक मारून तिचा आवाज वाढलाय. "त्या नकल्याच्या एक कानाखाली ठेवून दे," ती ओरडली. "नाहीतर मी येते."

"तू नको येऊस. तू आलीस की मी पुढच्या जन्मापर्यंत 'ताईचा लाडका' होईन. त्यापेक्षा 'पाऊण' बरं."

काकाही आलेले होते. काकांचं माझ्यावर फार प्रेम. ते माझी ओळख करून देताना 'पण' शिवाय वाक्य संपवत नाहीत. "हा आमचा पुतण्या. पायाने जरा असा आहे, पण मनाने फार चांगला." त्या 'पण'वर माझं आयुष्य उभं आहे.

"काका, मी मनानेही तसाच आहे," मी म्हणालो. "ताईला विचारा."

"हलकट आहे," ताईने साक्ष दिली.

"असं बोलू नये गं," काका कळवळून म्हणाले. "अशा मुलांना देव काहीतरी खास देतो."

"मला काय दिलंय?"

काकांनी बराच विचार केला. आईने मशीन थांबवून वाट पाहिली. शेवटी काका म्हणाले, "सहनशक्ती." त्यांच्याशी बोलताना ती लागते, हे खरं.

मग समोरच्या दुकानाने पायऱ्यांच्या जागी उतार बांधला. चाकाच्या खुर्चीतली माणसं, काठीवाली माणसं, बाळांच्या गाड्या ढकलणाऱ्या बायका, सगळी गर्दी तिकडे. मालक दोन दिवस काचेतून तो उतार बघत बसले. आम्हाला वाटलं, आपणही बांधणार. पण उतार बांधायला सिमेंट लागतं आणि पोस्टर लावायला नुसता चिकटपट्टीचा तुकडा पुरतो. तिसऱ्या दिवशी मालक फोटोग्राफर घेऊन आले.

"आपल्या दुकानात अशा लोकांना किती मान आहे, हे जगाला कळलं पाहिजे," मालक म्हणाले. 'अशा' म्हणताना त्यांनी माझ्याकडे हात केला. मला खिडकीतून नव्हे, दारातून बाहेर बोलावलं. माझा शर्ट झटकला. कॅशियरबाईंनी स्वतःच्या कंगव्याने भांग पाडला. खरं सांगतो, मला वाटलं, चला, निमित्त काहीही असो, पुढे तर आलो. पोस्टरवर आलो की स्टुलावर यायला काय वेळ लागतोय.

फोटोग्राफरने कॅमेऱ्यातून पाहिलं. डोळा बाजूला करून पाहिलं. पुन्हा कॅमेऱ्यातून पाहिलं.

"पण हे तर नीट उभे आहेत," तो म्हणाला.

"उभा राहिलो की मी उभाच असतो," मी म्हणालो.

"काही दिसतच नाहीये."

"चालताना दिसतं," मालकांनी माफी मागितल्यासारखं सांगितलं.

"फोटोत चालणं कसं दिसणार? जरा वाकडं उभं राहता येईल का?"

मी प्रयत्न केला. पण माझ्या डाव्या बुटाला मोच्याकडून जाड तळ लावून घेतलेला आहे, तो सरळ उभं राहण्यासाठीच. मी त्यावर मेहनत घेतलेली आहे, मोच्याने घेतलेली आहे. वाकडं उभं राहिल्यावर मी बस चुकलेल्या माणसासारखा दिसत होतो.

"नाही," फोटोग्राफर म्हणाला. "यांच्यात ते नाही."

तेव्हा नकल्या पुढे आला. त्याने खांदा पाडला, तोंड वाकडं केलं, एक पाय आत वळवला. फोटोग्राफरने झटकन कॅमेरा डोळ्याला लावला.

"हे! हे पाहिजे!"

मालकांच्या सासऱ्यांची एक जुनी कुबडी होती. सासरे तिच्यावर चालत नसत, अंगणातली मांजरं हाकलत. ती मागवली. नकल्याने ती काखेत धरली.

"हसू नका," फोटोग्राफर म्हणाला. "जिद्दीने बघा. दूर. तिथे तुमचं स्वप्न आहे असं समजा."

तिथे संडासाचं दार होतं. नकल्याने त्याकडे अशा जिद्दीने पाहिलं की कॅशियरबाईंनी डोळे पुसले. माझ्या हातात एक चंदेरी पुठ्ठा देण्यात आला. त्यावरून उजेड नकल्याच्या चेहऱ्यावर पाडायचा होता. मी पाडला. पाडताना म्हणालो, "पाय अजून चुकतोयच."

"शू!" फोटोग्राफर म्हणाला. "वातावरण बिघडवू नका."

पोस्टर काचेवर लागलं. माणसाच्या उंचीचं. वर लिहिलं होतं, 'प्रत्येक पाऊल मोलाचं', आणि खाली, 'आमचा जिद्दी सहकारी आपल्या सेवेला आतुर आहे'. मी ते बाहेरून बघायला गेलो तर एक गृहस्थ शेजारी उभे राहून हळहळत होते. "काय माणसं असतात नाही," ते मला म्हणाले. मी म्हटलं, "असतात."

पोस्टर चाललं. इतकं चाललं की लोक येऊन विचारू लागले, "ते कुठे आहेत?" मालकांना आधी कळेना, कोण ते. मग कळलं, आणि त्यांनी नकल्याला सांगितलं, "आजपासून दुकानात असताना लंगडायचं."

"दिवसभर?"

"दुकान दिवसभर उघडं असतं."

पहिले काही दिवस नकल्याची चंगळ झाली. लोक त्याला पाहून बूट घ्यायचे, न बसणारेही घ्यायचे. मामांचं स्टूल त्याला मिळालं. सकाळी तो उजव्याने लंगडायचा, जेवणानंतर विसरून डाव्याने. कोणाच्याही ते लक्षात आलं नाही. लोकांचं लक्ष पायाकडे असतं ही माझी जन्माची समजूत त्या आठवड्यात दूर झाली. लोक स्वतःच्या दयेकडे बघत असतात.

मी आत होतो. "डावा सात, तपकिरी!" खिडकीतून बूट देत होतो. महिनाअखेर जवळ येत होती आणि माझ्या स्टुलावर माझ्याच नावाने दुसराच माणूस बसला होता. ताईला हे सांगितलं असतं तर ती गाडी घेऊन दुकानाच्या काचेतून आत आली असती, म्हणून नाही सांगितलं.

मग एका दुपारी नकल्या गोडाऊनमध्ये आला. दार लावून घेतलं, कुबडी फेकली आणि खोक्यांच्या चवडीवर बसला.

"लोक माझ्याशी मोठ्याने बोलतात," तो म्हणाला.

"मोठ्याने लंगडतोस म्हणून."

"नाही रे. म्हणजे ओरडून. सावकाश. 'तु-म-चं ना-व का-य?' मी काय बहिरा आहे?"

"तू लंगडाही नाहीस."

"एक बाई मालकांना विचारते, 'यांना चहा चालतो का?' मी तिथेच उभा! मला विचार ना! आणि एक म्हातारा डोक्यावरून हात फिरवून गेला. माझं वय काय, त्याचं काय चाललंय? मघाशी एक जण म्हणाला, 'तुमच्याकडे बघितलं की मला माझ्या अडचणी काहीच वाटत नाहीत.' मी म्हणजे काय डोकेदुखीची गोळी आहे?"

मी खोकी रचत राहिलो.

"आणि विनोद केला तर हसत नाहीत," नकल्या म्हणाला. हे मात्र त्याला खरंच लागलेलं दिसत होतं. "मी इतका भारी विनोद केला. तर ती बाई म्हणते, 'किती आनंदी राहतात हो हे लोक!' अरे, मी आनंदी नाहीये, मी विनोदी आहे!"

त्याने कुबडी उचलून भिंतीला टेकवली. मग जरा हळू म्हणाला, "तुला माझी नक्कल लागायची का रे?"

"हो."

"कधी?"

"रोज."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो. म्हटलं, पाय चुकला."

"ते तू विनोदाने म्हणालास."

"तुला दुसरं काही ऐकू आलं असतं?"

नकल्याने यावर काहीतरी वाकडं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी त्याला इतक्या वर्षांत तोंड मिटताना प्रथमच पाहिलं. वाईट दिसत नव्हता.

"माझी कंबर गेलीय," तो शेवटी म्हणाला. "मी मालकांना सांगतो, मला नको हे. तूच बस."

त्याने खरंच सांगितलं. मालकांना कल्पना पसंत पडली, पण ते जबाबदार माणूस होते; पारखून घेतल्याशिवाय कोणाला पुढे बसवणार नव्हते. दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यांनी माझी चाचणी ठेवली.

"काउंटरपासून आरशापर्यंत चालून दाखव."

मी चाललो.

मालकांनी कॅशियरबाईंकडे पाहिलं. कॅशियरबाईंनी मान हलवली. "मन हेलावत नाही," त्या म्हणाल्या.

"अजून थोडं कर," मालक म्हणाले.

"काय?"

"ते. पायाचं."

"मालक, एवढंच आहे."

"अरे, पोस्टरवर जे आहे त्याच्याशी जुळायला नको का? लोक येऊन म्हणतील, हा खोटा आहे. ए, दाखव रे याला!"

आणि नकल्या, कंबर धरून, बिचारा, मला माझं लंगडणं शिकवायला लागला. "खांदा असा पाड. हं. आता तोंड." मी त्याच्यामागे चालत होतो. आरशात आम्ही दोघे दिसत होतो. एक धडधाकट माणूस प्रचंड लंगडत होता आणि त्याच्यामागून एक लंगडा नुसताच चालला होता. हे शिक्षण पूर्ण केलं असतं तर मी त्या दिवसापासून स्टुलावर बसलो असतो. खांदा पाडायला काही लागत नाही. काखेत कुबडी, नजर संडासाकडे, की झालं. मी खांदा थोडा पाडूनही पाहिला. आरशात पाहिलं. काकांचा 'पण' चालत येतोय असं वाटलं.

मी थांबलो. "मालक, मला नाही जमणार. माझी आपली एक पद्धत पडलीय. जन्मापासून तसाच चालत आलोय. आता नव्याने नक्कल शिकण्याएवढा मी हुशार नाही."

"मग मामांची जागा कशी देऊ?"

"मामा कुठे लंगडायचे?"

मालक खाकरले. "मामांच्या वेळी पोस्टर नव्हतं," ते म्हणाले आणि त्यांना स्वतःलाही ते बरोबर वाटलं.

तेवढ्यात दार ढकलून एक बाई आत आली. शहर बसच्या चालकांचा गणवेश, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर सिग्नलला अडकल्याचा राग. कोणाकडेही न बघता खुर्चीत बसली, बूट काढून बाजूला भिरकावला आणि पाय पुढे केला.

"कामाचे बूट. काळे. टाच घट्ट, बोटं मोकळी. माझ्याकडे वेळ नाही."

स्टूल माझ्या जवळ होतं. मी बसलो. काही ठरवून नाही. पाय समोर आला आणि मी बसलो. टाच तळहातावर घेतली. मोजा ओलसर होता, करंगळीपाशी भोक होतं. मला अतिशय आनंद झाला.

"कुबडी!" मालक माझ्या मागून कुजबुजले.

"काय कुबडी?" बाईने विचारलं. मग तिने पहिल्यांदा वर पाहिलं, काचेवरच्या पोस्टरची उलटी बाजू पाहिली, मला पाहिलं. "तो जिद्दीवाला तू का?"

"नाही. तो."

नकल्या आरशापाशी दोन्ही पायांवर ताठ उभा होता. त्याने घाईघाईने एक पाय आत वळवला. मग बहुधा कंबरेतून कळ आली म्हणून, किंवा आणखी कशाने, तो परत सरळ केला.

"हा बरा झाला वाटतं," बाई म्हणाली.

"दुपारचं उतरतं," मी म्हणालो.

"म्हणजे नाटक?"

"जाहिरात," मालक म्हणाले.

"ते तुमचं तुम्ही बघा. माझा पाय गार पडतोय."

मी मांडणीवरून उजवा काढला, घातला. मग उठलो आणि डावा आणायला आत निघालो. दुकान उघडं असताना, गिऱ्हाईक बसलेलं असताना, त्या फरशीवरून मी पहिल्यांदा चालत होतो. मालक बाईकडे बघत होते, तिचं मन हेलावतंय का म्हणून. कॅशियरबाई बघत होत्या. नकल्या बघत होता. बाई स्वतःच्या बुटाच्या टोकाकडे बघत होती.

मी डावा घालून दिला. ती चार पावलं चालली. "टाच सुटतेय."

मी आत गेलो, दुसरा आणला.

"बोटं चेपतायत."

पुन्हा गेलो.

"हा ठीक आहे, पण तळ सरकतो. मला ब्रेक दाबायचा असतो, नाचायचं नाही."

पुन्हा. मालकांच्या कपाळावर घाम आला. ते पुढे होऊन म्हणाले, "मॅडम, आमच्या या मुलाला जरा त्रास होतो हो चालायला. सांभाळून घ्या."

"दिसतंय मला," बाई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "हळू चालतोस तू."

"हो."

"मग एकेक काय आणतोस? तीन-चार खोकी एकदम उचलून आण की! पाय आखूड आहे, ते समजलं. डोकंपण आखूड आहे का?"

दुकानात पुन्हा तीच शांतता पसरली. कॅशियरबाईंनी तोंडावर हात ठेवला. मालकांचा चेहरा पांढरा पडला. त्यांना बहुतेक वाटलं, आता मी रडणार आणि पोस्टरची विश्वासार्हता जाणार.

मी हसलो. पोट धरून हसलो. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या पायाबद्दल कामापुरतं बोललं होतं. त्यात चूक काढायला मी शोध शोध शोधलं, पण सापडली नाही. एकेक खोकं आणणं हा शुद्ध मूर्खपणाच होता. वर्षानुवर्षं खिडकीतून एकेक बूट देऊन मला सवयच तशी लागली होती.

"चुकलं माझं," मी म्हणालो आणि हनुवटीपर्यंत खोकी घेऊन आलो.

शेवटी एक जोड बसला. मी अंगठा टोकाशी दाबला. "इथे मोकळं वाटतंय का?"

तिने बुटातली बोटं हलवून पाहिली. "उजव्या अंगठ्याला दुखतं," ती म्हणाली. "बऱ्याच दिवसांपासून. ब्रेकमुळे. कोणाला सांगितलं नाही, नाहीतर गाडी काढून घेतील."

मी आत एक मऊ पट्टी बसवली. ती पुन्हा चालली, या वेळी लांबपर्यंत, आरशापर्यंत आणि परत. जुने बूट तिथेच टाकून, नव्यांतच, पैसे देऊन गेली.

तोवर खुर्च्यांत आणखी दोघं येऊन बसले होते. एक आजोबा मोजा काढत होते. मालक माझ्याजवळ आले आणि मला उठायची खूण केली. मी ती पाहिली. आजोबांनी पाय पुढे केला होता. मी म्हटलं, "बसा आजोबा, घाई नाही," आणि त्यांची टाच हातात घेतली. गिऱ्हाइकाचा पाय ज्याच्या हातात आहे त्याला उठवता येत नाही. दुकानाचा नियम नाही, पण शरीराची रचनाच तशी आहे.

"आणि मी?" नकल्याने दुरून विचारलं.

"आत जा. आजोबांचं माप सांगतो, त्यातली तीन खोकी एकदम आण."

तो मालकांकडे बघत उभा राहिला. मग गेला.

संध्याकाळी शटर अर्धं खाली आल्यावर मालक माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी स्टुलावरच होतो. उठायची ताकद नव्हती. त्यांनी एकदा पोस्टरकडे पाहिलं, एकदा गल्ल्याकडे. गल्ल्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"उद्यापासून तूच बस," ते म्हणाले. "तसाच. म्हणजे जसा आहेस तसा."

"उद्या सुट्टी हवीय मालक."

"पहिल्याच दिवशी? का?"

"पाय दुखतायत."

मालकांचा चेहरा लगेच कनवाळू झाला. मान एका बाजूला कलली, आवाज मऊ झाला, आणि ते अगदी सावकाश, मोठ्याने म्हणाले, "तो... पाय... का?"

"दोन्ही," मी म्हणालो. "दिवसभर काम केलंय."